प्रतिक्रियाकालाचे मापन आणि तारेवरील संकेत

पडद्यावर शब्द उमटल्यापासून वाचकाने कळ दाबेपर्यंत जो काळ लोटतो, त्याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. भाषामानसशास्त्रातील फार मोठ्या पुराव्याचा पाया हाच आहे. परिचित शब्द अपरिचित शब्दापेक्षा लवकर ओळखला जातो काय, जोडाक्षरामुळे वाचन मंदावते काय, आधी दाखवलेल्या संबंधित शब्दामुळे पुढील शब्दाची ओळख सुलभ होते काय, ह्यांसारख्या प्रश्नांची उत्तरे अखेर मिलिसेकंदांच्या वजाबाकीतून निघतात. संपूर्ण प्रतिक्रियाकाल साधारणतः पाचशे ते आठशे मिलिसेकंदांचा असतो. परंतु ज्या फरकावर निष्कर्ष उभारला जातो, तो पुष्कळदा वीस-पंचवीस मिलिसेकंदांचाच असतो. म्हणून हा आकडा येतो कोठून, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञावर सोपवून भाषेच्या अभ्यासकाला मोकळे होता येत नाही.

मोजण्याचे काम सर्वस्वी संगणकावर टाकले तर काय होते, हे बहुतेकांस ठाऊक आहे. यूएसबी कळफलकाची विचारपूस संगणक ठराविक अंतराने करतो; सामान्य कळफलकांत हे अंतर पुष्कळदा ८ मिलिसेकंदांचे असते, आणि मध्येच दाबलेली कळ पुढच्या फेरीपर्यंत तिष्ठत राहते. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जात असेल तर एका फेरीस १६.७ मिलिसेकंद लागतात; ही रंगवणी वरून खाली होत असल्याने तळाशी लिहिलेला शब्द माथ्यावरील शब्दाच्या मागाहून प्रकट होतो. ह्या अडचणींवर तोड म्हणून अनेक प्रयोगशाळांत एक छोटी स्वतंत्र पेटी वापरतात. तिच्यात एक मायक्रोकंट्रोलर, एक-दोन कळा आणि पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटवायचा प्रकाशसंवेदक असतो. इटलीतील इव्रिया येथे २००५ मध्ये उदयास आलेल्या आर्डुइनो बोर्डाने अशा पेट्या स्वस्त आणि सुलभ केल्या. त्याच्या उनो आर ३ ह्या प्रकारात एटमेगा ३२८ पी ही चिप असते. ती सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांच्या गतीने चालते. म्हणजे एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा झाला.

इतका सूक्ष्म ठोका पाहिल्यावर पेटीने दिलेला आकडा निर्विवाद मानण्याकडे मनाचा कल होतो. परंतु ठोका सूक्ष्म असला म्हणून मापन सूक्ष्म होत नाही. मोजणी केव्हा सुरू झाली आणि केव्हा थांबली, हे पेटी सांगते ते आपल्या प्रोग्रॅमच्या समजुतीप्रमाणे. ज्याची चौकशी करावयाची त्याच्याच जबानीवर निकाल देण्यासारखा हा प्रकार आहे. तटस्थ साक्ष हवी असेल तर चिपच्या पिनवरील विद्युत्दाब काळाच्या ओघात कसा बदलतो, हे प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. आणि ते पाहण्याचे साधन म्हणजे ऑसिलोस्कोप.

ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाला हे उपकरण वाटते तितके परके नाही. आबे रुसलो ह्यांचा प्रायोगिक ध्वनिशास्त्रावरील ग्रंथ १८९७ पासून प्रसिद्ध होऊ लागला. काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर उच्चाराची कंपने उमटवणारे कायमोग्राफ हे यंत्र त्या काळच्या ध्वनिशास्त्राचे मुख्य साधन होते. त्याच १८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फर्डिनंड ब्राउन ह्यांनी ऋणकिरण नळी तयार केली आणि ऑसिलोस्कोपचा पाया घातला. आडव्या दिशेने काळ आणि उभ्या दिशेने बदलणारी राशी, ही मांडणी दोहोंत एकच आहे. तथापि ऑसिलोस्कोपचा एक गुण कायमोग्राफपाशी नव्हता. रेषा डावीकडून उजवीकडे वारंवार काढली जात असताना प्रत्येक खेप भलत्याच क्षणी सुरू झाली, तर पडद्यावर रेषांचा नुसता गुंता दिसेल. ‘ट्रिगर’ ही योजना तो टाळते. विद्युत्दाबाने ठरवून दिलेली पातळी ठरवून दिलेल्या दिशेने ओलांडली, की त्याच क्षणी रेषेस आरंभ होतो. टेक्ट्रॉनिक्स ह्या अमेरिकन कंपनीने १९४७ मध्ये बाजारात आणलेल्या ५११ ह्या ऑसिलोस्कोपने ही सोय प्रयोगशाळांत रुळवली. वाणीचे वर्णपट दाखवणारा पॉटर, कॉप व ग्रीन ह्यांचा बेल प्रयोगशाळेतील ग्रंथही त्याच वर्षाचा, हा केवळ योगायोग म्हणावा. ट्रिगर म्हणजे उपकरणास विचारलेला प्रश्न होय. ‘शब्द पडद्यावर आला त्या क्षणापासून पुढे काय घडले?’ असे विचारावयाचे असेल तर ट्रिगर प्रकाशसंवेदकाच्या संकेतावर लावला पाहिजे. तो पेटीच्या संकेतावर लावला तर प्रश्नच बदलतो, आणि चुकीच्या प्रश्नाचे बिनचूक उत्तर हाती येते.

आता पेटीच्या एका सरळसाध्या रचनेचा विचार करू. संगणक पडद्यावर शब्द दाखवतो, आणि त्याच सुमारास तो शब्द नोंदीसाठी तारेवरून पेटीकडे पाठवतो. पेटीतील प्रोग्रॅम पूर्ण ओळ येईपर्यंत थांबतो, ओळ संपताच आपली मोजणी सुरू करतो, कळ दाबली जाताच ती थांबवतो आणि शब्दापुढे मिलिसेकंदांचा आकडा लिहून परत पाठवतो. वरकरणी ह्यात काहीच वावगे नाही. नोंद नीटनेटकी असते, शब्द आणि आकडा ह्यांची गल्लत होत नाही. दोष कोठे आहे, हे कळण्यासाठी शब्द तारेवरून कसा जातो ते पाहावे लागते.

उनोच्या शून्य क्रमांकाच्या पिनवर हा संकेत येतो. तार निष्क्रिय असते तेव्हा तेथे सुमारे ५ व्होल्ट दाब असतो. बाइट पाठवावयाचा असला की दाब प्रथम एका बिटाच्या काळापुरता शून्यावर उतरतो, हा आरंभबिट. त्यामागून आठ बिट येतात, त्यांत सर्वांत कमी किमतीचा बिट आधी. शेवटी दाब पुन्हा वर जाऊन एका बिटाचा काळ तेथे राहतो, हा अंतबिट. म्हणजे एका बाइटास एकूण दहा बिटांचा काळ लागतो. सेकंदाला ९६०० बिट, हा ह्या बोर्डांच्या उदाहरणादाखल लिहिलेल्या कार्यक्रमांतून सर्वत्र आढळणारा वेग होय. त्या वेगात एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा आणि एक बाइट १.०४ मिलिसेकंदांचा होतो. रोमन ए हे अक्षर एका बाइटात मावते. मराठी ‘म’ मात्र युनिकोडच्या यूटीएफ-८ ह्या रूढ पद्धतीत तीन बाइटांचा होतो. त्यांची मूल्ये २२४, १६४ आणि १७४. त्यांतील १७४ ह्या बाइटाचे आठ बिट तारेवर ०, १, १, १, ०, १, ०, १ अशा क्रमाने येतात, आणि ऑसिलोस्कोपवर रेषेच्या चढउतारांतून ते बोट ठेवून वाचता येतात. विद्यार्थ्याने एकदा तरी असे वाचन स्वतः करावे. ‘कि’ ह्या अक्षराचे तर अधिकच मौजेचे दिसते: कागदावर डावीकडे असणारी पहिली वेलांटी तारेवर ‘क’च्या मागून येते, म्हणजे लेखनाचा क्रम सोडून उच्चाराचा क्रम पाळते.

स्वरचिन्हे आणि हलन्ताचे चिन्ह ह्यांनाही प्रत्येकी तीन बाइट लागतात, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. ‘मत’ ह्या शब्दाचे सहा बाइट होतात, आणि ते पाठवण्यास ६.२५ मिलिसेकंद लागतात. ‘महाराष्ट्र’ ह्या शब्दात म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र अशी दहा चिन्हे आहेत. त्यांचे तीस बाइट आणि ३१.२५ मिलिसेकंद. पेटीची मोजणी ओळ संपल्यावर सुरू होत असल्याने दुसऱ्या शब्दाचा प्रतिक्रियाकाल पहिल्याच्या तुलनेत २५ मिलिसेकंदांनी कमी नोंदला जातो. दीर्घ शब्द ओळखण्यास अधिक वेळ लागतो की नाही, हेच प्रयोगात तपासावयाचे असेल, तर जो फरक शोधावयाचा तोच तार गिळून टाकते. जोडाक्षरांच्या अभ्यासात हा दोष आणखी फसवा होतो. ‘पद’ आणि ‘पत्र’ हे दोन्ही शब्द दोन अक्षरांचे असल्याने लांबीच्या दृष्टीने समतोल मानून निवडले जातील. परंतु ‘पद’चे बाइट सहा तर ‘पत्र’चे बारा. जोडाक्षर असलेला प्रत्येक शब्द ६.२५ मिलिसेकंदांच्या बेकायदेशीर सवलतीवर शर्यतीत उतरतो.

असे प्रोग्रॅम बहुधा इंग्रजी शब्दांसाठी लिहिलेले असतात. चार अक्षरी आणि आठ अक्षरी इंग्रजी शब्दांत हा फरक ४.२ मिलिसेकंदांचा पडतो, आणि तो सहज दुर्लक्षिला जातो. तोच प्रोग्रॅम देवनागरीसाठी वापरला की दोष तिपटीहून अधिक वाढतो, कारण तीन बाइटांखेरीज काना, वेलांटी, हलन्त ह्यांची भर पडते. दुसऱ्या भाषेत पारखलेले साधन आपल्या भाषेत पारखलेले आहे असे गृहीत धरणे किती महाग पडते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय. हा दोष सरासरी काढून जात नाही. वाचकांची संख्या दुप्पट केली तरी तो तसाच राहतो; उलट अधिक ‘विश्वसनीय’ दिसू लागतो.

पेटीने लिहिलेल्या नोंदींत ह्याचा मागमूस नसतो. ऑसिलोस्कोपवर मात्र तो पाच मिनिटांत उघडा पडतो. शब्दाबरोबर पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन दाखवावा, त्यावर प्रकाशसंवेदक ठेवून त्याचा संकेत पहिल्या वाहिनीवर घ्यावा. दुसऱ्या वाहिनीवर शून्य क्रमांकाची पिन घ्यावी. पेटीच्या प्रोग्रॅममध्ये, मोजणी सुरू होते त्या ठिकाणी, एखादी मोकळी पिन वर उचलण्याची आज्ञा घालावी आणि ती तिसऱ्या वाहिनीवर पाहावी. दोनच वाहिन्या असतील तर मधली वगळावी. ट्रिगर प्रकाशाच्या संकेतावर लावून एकेक शब्द दाखवत गेले, की तिसऱ्या रेषेची उडी शब्दाच्या लांबीबरोबर उजवीकडे सरकताना दिसते. खूणपिनेऐवजी प्रोग्रॅमकरवी एखादी ओळ छापून घेण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. ९६०० च्या वेगात वीस अक्षरांचा रोमन मजकूर पाठवण्यास २० मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो, आणि पाठवण्याची रांग ६४ बाइटांनी भरली की प्रोग्रॅम जागा मोकळी होईपर्यंत थांबून राहतो. पिन उचलण्याची थेट आज्ञा मात्र दोन ठोक्यांत, म्हणजे १२५ नॅनोसेकंदांत, पुरी होते.

दोष दिसला की उपाय अवघड नाही. वेग १,१५,२०० केला तर २५ मिलिसेकंदांचा फरक सुमारे २ वर येतो. पण तो नाहीसा होत नाही. खरा उपाय म्हणजे मोजणीचा आरंभ शब्दाच्या आगमनापासून तोडून प्रकाशसंवेदकाच्या संकेतास जोडणे.

ह्या कामासाठी ऑसिलोस्कोपऐवजी लॉजिक अॅनलायझर वापरला तर? हे उपकरण स्वस्तात मिळते, आठ वाहिन्या एकदम दाखवते, आणि वरील बिटांचे वाचन स्वतःच करून २२४, १६४, १७४ असे आकडे समोर मांडते. मात्र ते दाब दाखवत नाही. एका ठरावीक पातळीच्या वर असेल ते एक, खाली असेल ते शून्य, असा निवाडा आधीच करून ते त्याचा परिणाम तेवढा रेखाटते. त्यामुळे त्याच्या पडद्यावरील प्रत्येक कड काटकोनात उभी असते. ध्वनी आणि ध्वनिम ह्यांतील भेद ज्यांस परिचित आहे, त्यांना ह्यातील मर्म चटकन उमजेल: ऑसिलोस्कोप ध्वनीच्या पातळीवर साक्ष देतो, लॉजिक अॅनलायझर ध्वनिमाच्या. दोन्ही साक्षी खऱ्या, पण दुसरीवरून पहिलीचे अनुमान करता येत नाही. शिवाय वेग चुकीचा सांगितला तरी हे उपकरण पुष्कळदा काही ना काही आकडे वाचून दाखवतेच. न समजलेला मजकूर अस्खलितपणे वाचणाऱ्याची आठवण ते करून देते.

प्रकाशसंवेदकाच्या बाबतीत हा भेद व्यवहारात जाणवतो. पडद्यावरील चौकोन काळ्याचा पांढरा एका क्षणात होत नाही. द्रव-स्फटिकाच्या पडद्यात त्यास काही मिलिसेकंद लागतात. ऑसिलोस्कोपवर ही चढण स्पष्ट दिसते, आणि पार्श्वप्रकाश लुकलुकत असेल तर तिच्यावरील तरंगही दिसतात. ५ व्होल्टवर चालणारी एटमेगा चिप १.५ व्होल्टपर्यंतचा दाब खात्रीने शून्य मानते आणि ३ व्होल्टपासून पुढचा दाब खात्रीने एक. मधल्या पट्ट्यात नेमका कोठे पालट होईल, ह्याची हमी निर्माता देत नाही. म्हणून ‘शब्द प्रकट होण्याचा क्षण’ ही सापडणारी वस्तू नसून ठरवावी लागणारी गोष्ट आहे. ध्वनिलेखावर स्वराच्या आरंभाची खूण करताना हाच अनुभव येतो. अंधुक छपाईचे शब्द वाचण्यास किती वेळ लागतो, अशा प्रयोगात शब्दाबरोबर चौकोनही करडा केला, तर चढण मंदावते, पातळी उशिरा ओलांडली जाते, आणि पुन्हा एकदा प्रयोगाचा विषयच मापनात शिरतो. चौकोन सदैव शुभ्र आणि शब्दाच्याच उंचीवर असावा, ह्या नियमामागे एवढे कारण आहे.

बोलणाऱ्याचे निरीक्षण होत नसताना तो कसा बोलतो हे जाणून घ्यावयाचे, पण ते जाणण्याचा मार्ग निरीक्षण हाच. ह्या पेचास विल्यम लबॉव्ह ह्यांनी १९७२ मध्ये निरीक्षकाचा विरोधाभास असे नाव दिले. विद्युत्मंडलात तो पेच अक्षरशः मोजता येतो. ऑसिलोस्कोपचा प्रोब ‘एकपट’ स्थितीत असता मंडलास सुमारे १ मेगाओहमचा रोध आणि १०० पिकोफॅरडच्या आसपास धारिता जोडतो; ‘दहापट’ स्थितीत रोध १० मेगाओहम होतो आणि धारिता १० ते १५ पिकोफॅरडवर येते. कळ आणि तार ह्यांच्या संकेतांना दोन्ही सारखेच. परंतु चिपला ठोका पुरवणाऱ्या स्फटिकाच्या टोकांशी मुळातच वीस-बावीस पिकोफॅरडची धारित्रे असतात. तेथे एकपट प्रोब टेकवला तर कंपने बंद पडून चिप थांबू शकते. पाहावयास गेलेल्या माणसाला तेथे पाहण्याजोगे काही उरत नाही. म्हणून दहापट स्थिती ही नित्याची समजावी.

ग्राउंडच्या क्लिपबद्दल येथेच बजावून ठेवले पाहिजे. विजेवर चालणाऱ्या ऑसिलोस्कोपची ही क्लिप आतून भिंतीतील अर्थिंगला जोडलेली असते, आणि सर्व वाहिन्यांच्या क्लिपा परस्परांशी जोडलेल्या असतात. अर्थिंग असलेल्या संगणकातून यूएसबीने चालणाऱ्या पेटीच्या ५ व्होल्टच्या तारेला ती लावली, तर पुरवठा सरळ जमिनीशी जोडला जातो. क्लिप पेटीच्या ग्राउंडलाच लावावी, अन्यत्र नाही.

अंकीय उपकरणांत नमुन्यांचा प्रश्नही उद्भवतो. स्मृतीत दहा लाख नमुने मावत असतील आणि पडद्यावर दहा सेकंदांचा काळ पाहिजे असेल, तर दोन नमुन्यांत १० मायक्रोसेकंदांचे अंतर पडते. खूणपिन उचलून लगेच खाली ठेवली, तर तो १२५ नॅनोसेकंदांचा ठसा दोन नमुन्यांच्या मधून निसटेल, आणि मोजणी सुरूच झाली नाही असा ग्रह होईल. मोजणी चालू असेतो पिन वरच ठेवली की हा धोका राहत नाही.

सर्वच दोषांना सारखे भ्यावे असे मात्र नाही. उनोच्या मुख्य चिपचा ठोका सिरॅमिक रेझोनेटरवर चालतो, आणि त्यात अर्ध्या टक्क्याची सूट धरलेली असते. ६०० मिलिसेकंदांत ती ३ मिलिसेकंद भरते. एकाच पेटीवर सर्व शब्द दाखवले तर ही चूक सर्वांना सारख्या प्रमाणात लागते आणि तुलनेस फारशी बाधा येत नाही. दोन गावी दोन पेट्या वापरून वाचकांच्या दोन गटांची तुलना करावयाची असेल, तर आधी दोन्ही पेट्या एकाच ऑसिलोस्कोपवर पाहिल्या पाहिजेत. कळफलकाची ८ मिलिसेकंदांची फेरीदेखील, नीट विचार केला असता, वाटते तितकी घातक नाही: तिच्यामुळे येणारा विलंब शून्य ते आठ ह्यांमध्ये यदृच्छेने पडतो, शब्दाच्या जातीशी त्याचा संबंध नसतो, आणि वाचकाच्या स्वतःच्या अस्थिरतेपुढे तो लहानच असतो. ज्या विलंबाचा शब्दाशी संबंध जुळतो, तोच खरा वैरी. मग तो एक-दोन मिलिसेकंदांचा का असेना.

राहता राहिली कळ. कळ दाबली की तिचे धातूचे तुकडे एकदाच जुळून स्थिर होत नाहीत. ते काही काळ उसळतात, आणि रेषा शून्य आणि पाच ह्यांमध्ये अनेकदा खालीवर होते. बोर्डाबरोबर मिळणाऱ्या उदाहरणातील प्रोग्रॅम त्यावर उपाय म्हणून दाब ५० मिलिसेकंद स्थिर राहीपर्यंत थांबतो आणि मगच कळ दाबली असे मानतो. दिवा लावण्यास ही रीत ठीक आहे. प्रतिक्रियाकालासाठी मात्र पहिल्या स्पर्शाचा क्षण टिपून नंतरच्या उसळ्यांकडे डोळेझाक करावी. उसळीचा काळ त्या-त्या कळेनुसार बदलतो आणि कळ झिजली की वाढतोही. तेव्हा नवी कळ बसवल्यावर, तसेच एखाद्या प्रयोगमालिकेच्या आरंभी आणि अखेरीस, तिची रेषा ऑसिलोस्कोपवर पाहून नोंदवहीत चिकटवून ठेवावी. ऑसिलोस्कोप बहुधा पदार्थविज्ञान विभागाच्या इमारतीत असतो, आणि तेथवर पेटी घेऊन जाण्याचा कंटाळा हे ह्या नोंदी वहीत न सापडण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे.